सबनीसकाकांची स्नोमोबाइल गरम होते

रविवार, ४ जानेवारी

डायरी तीन दिवस उशिरा सुरू. पहिले तीन दिवस प्लॅनिंगमध्ये गेले, ते धरायचे नाहीत. संकल्प एकच, पण दणदणीत: या वर्षी समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. लग्न झाल्यापासून आसावरी म्हणतेय, मी लोकांची वाक्यं अर्ध्यात तोडतो. ती हे सांगत होती तेव्हा मुद्दा मला अर्ध्यातच कळला, म्हणून पुढचं ऐकलं नाही.

दुपारी सबनीसकाकांकडे जेवायला. डॉ. कमलाकर सबनीस, वय एक्याऐंशी, इथेच, लंडनच्या पिनरमध्ये, आमच्या मागच्या रस्त्यावर राहतात. रिटायर होण्याआधी वीस वर्षं स्कॉटलंडला, डोंगरातल्या ग्लेन ऑरन नावाच्या गावात, एकमेव डॉक्टर. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की पेशंटकडे स्नोमोबाइलवरून जायचे. म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, वर स्कूटरसारखी सीट. ती गाडी अजून त्यांच्या गॅरेजमध्ये चादरीखाली आहे. आता गावातलं छोटं म्युझियम ती घेणार. १४ फेब्रुवारीला कार्यक्रम. त्या दिवशी काकांना मागे बसवून गावकरी त्याच गाडीवरून वरच्या कुरणापर्यंत फेरी मारून आणणार. काका म्हणाले, "पुढच्या वर्षी गुडघे ऐकायचे नाहीत. एकदाच वर जाऊन यायचंय."

काकांचं काम मामुली. जुनं पेट्रोल काढायचं, ताजं भरायचं, मिनिटभर चालू करून बघायचं. कुणी मेकॅनिक माहीत आहे का विचारत होते. म्हटलं, मी असताना मेकॅनिक कशाला? मेकॅनिकल इंजिनिअर, पुणे, नव्व्याण्णवची बॅच, फर्स्ट क्लास. यावर आसावरीने सुमनकाकूंना सांगितलं की गेली पंचवीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. सांगायची काही गरज नव्हती. बेसिक्स पक्के असले की झालं.

शनिवार, १० जानेवारी. सकाळी १०

पेट्रोल बदललं. उत्तम काम. थोडं बुटात गेलं.

सुरू करायला दोरी ओढावी लागते. एकविसाव्या खेपेला इंजिन लागलं. उजवा खांदा गेला. पण काय आवाज! निळा धूर. काका टाळ्या वाजवत होते. मिनिटभराने म्हणाले, झालं, कर बंद. बंद काय कर? इतकी वर्षं टेस्ट मॅनेजर म्हणून मी हेच शिकवतोय की मिनिटभर चाललं म्हणजे चालतं असं होत नाही. तशीच चालू ठेवली. बरोबर सहाव्या मिनिटाला लाल दिवा. ओव्हरहीटिंग.

म्हणजे गाडी आजारी आहे आणि काकांना पत्ताच नाही! मी नसतो तर डोंगरात अर्ध्या वाटेवर बंद पडली असती, एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला घेऊन.

काका काहीतरी सांगत होते, की अरे यतीन, इथे ती गरम होणारच, कारण... पण बाहेर इतका गारठा. त्यांचा हात धरून आत नेऊन बसवलं. काकूंना म्हटलं, आलं घालून चहा द्या आणि त्यांना बाहेर सोडू नका. मोठ्यांची काळजी घ्यावी लागते. आपणच नाही घेतली तर कोण घेणार.

रविवार, ११ जानेवारी

काकांच्या शेजारणीने दारातून चिठ्ठी टाकली. धुराबद्दल. अतिशय नम्र भाषा, त्यामुळे दोनदा वाचली तेव्हा कळलं की चिडली आहे. काकांनी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. मीच जाणार होतो.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. काकाकाकूंना तिळगूळ देऊन आलो. काकांनी लाडू तोंडात टाकायच्या आत पुन्हा गाडीचा विषय काढला. म्हणे, तिला बर्फ लागतो. मनात हसू आलं. डॉक्टर माणूस, ताप म्हटला की बर्फाची पिशवी! समजावून सांगितलं की काका, इंजिनचं शास्त्र वेगळं, आपण सिंप्टम नाही, रूट कॉज शोधतो. काकांनी लाडू तोंडात टाकला. पटलं असावं.

शनिवार, १७ जानेवारी

आज कूलंट बदललं. इंजिनमध्ये फिरून त्याला थंड ठेवणारं हिरवं पाणी. जुनं काढताना ड्राइव्हवेवर सांडलं. हिरवा डाग पडलाय, अगदी नकाशासारखा. काकू म्हणाल्या असू दे. म्हणजे काही हरकत नाही.

टेस्ट नंबर चार: सहाव्या मिनिटाला लाल दिवा. पाच: सहाव्या. सहा: साडेपाचव्या. एक्सेल शीट केलंय, तीन रंगांत. फॉल्ट दर वेळी रिप्रोड्यूस होतोय, ही फार मोठी गोष्ट आहे. ऑफिसमध्ये एवढ्यावर अर्धं प्रमोशन मिळतं.

बुधवार, २१ जानेवारी

बेसिंगस्टोकला ऑफिस. लंचला मिहीरला शीट दाखवली. हा नागपूरचा, हुशार, पण घाईचा. त्याने एकच विचारलं, कूलंट जिथे थंड होतं तो रेडिएटर कुठे असतो रे या गाडीत? म्हटलं, असतो आपल्या जागी.

संध्याकाळी परस्पर काकांच्या गॅरेजमध्ये गेलो. टॉर्च घेऊन पुढून, मागून, आडवा पडून बघितलं. गाडीत रेडिएटरच नाही! कुणीतरी काढून नेलाय. काकूंना हळूच विचारलं, मध्यंतरी गॅरेज कुणाला उघडून दिलं होतं का. त्या घाबरल्या, वर जाऊन कपाटातले दागिने बघून आल्या. सीटखाली पट्ट्याच्या बरोबर वर ॲल्युमिनियमच्या लांब नळ्या बसवल्यात, पंख असलेल्या. त्या कशासाठी कळलं नाही. शोभेच्या असाव्यात.

काका जिन्यावरून म्हणाले, रेडिएटर नसतोच त्यात. म्हटलं, काका, झोपा तुम्ही, मी बघतो. बिचाऱ्यांना आता आठवत नाही.

रविवार, २५ जानेवारी

उर्वीला मदतीला घेतलं. तेरा वर्षांची झाली, बापाचं काम बघितलं पाहिजे. तिला पाइप देऊन पट्ट्याच्या आतला चिखल धुवायला सांगितलं आणि मी टेस्ट चालू ठेवली. नवल म्हणजे वीस मिनिटं झाली तरी दिवा लागला नाही! पाणी बंद केलं, सहाव्या मिनिटाला लागला.

उर्वी म्हणाली, "बाबा, पाणी मारला की तो गरम नाही होत. मग बर्फवर पण नाही होणार ना?"

आधी तिचं मराठी सुधारलं. मग तिला पंधरा मिनिटं समजावलं की दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असं नसतं. तिने विषय बदलला, म्हणाली गाडीचं मॅन्युअल ऑनलाइन सापडलंय, पाठवू का? पाठव म्हटलं. मॅन्युअल ज्यांचे बेसिक्स कच्चे त्यांच्यासाठी असतं, पण मुलीला नाउमेद करू नये.

रविवार, १ फेब्रुवारी

नवीन थर्मोस्टॅट बसवला. एक स्क्रू उरला. फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

टेस्ट नंबर सतरा: सहावं मिनिट, लाल दिवा. मनात एकदम प्रकाश पडला. कूलंट नवीन, थर्मोस्टॅट नवीन, सगळं ठीक, तरी दिवा लागतो. मग दोष कुठे? दिव्यातच! फॉल्स अलार्म. आमच्याकडे याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. तीन आठवडे हा तीस वर्षांचा फालतू बल्ब मला खेळवत होता. काकांना लगेच फोन केला. ते म्हणाले, दिवा बरोबरच आहे रे, तू जरा घरी ये, बसून बोलू. म्हटलं, शनिवारनंतर.

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळी ११

आज फायनल टेस्ट. तीस मिनिटं सलग. आसावरीला सांगून काकाकाकूंना हॅरोला भाजी आणायला पाठवलंय. परततील तेव्हा सरप्राइज. दिव्याचा बल्ब काढून खिशात ठेवला. सुरू.

११.०६. दिवा लागला नाही. अर्थातच.

११.१४. वास येतोय. जुनी गाडी, वास येणारच.

११.१९. कर्रर्र असा आवाज झाला आणि बंद पडली.

११.४०. थंड होऊ देतोय. दोरी ओढली जात नाही.

१२.१५. थंड झाली. दोरी तसूभर हलत नाही. जोर लावला तर अख्खी गाडी पुढे येते. एखाद्या वेळी ओलाव्याने असं होत असेल.

शनिवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळी ५

उर्वीने मॅन्युअल उघडून माझ्या हातात दिलं. पान नऊ, चौकटीत, ठळक अक्षरांत: बर्फ नसेल तिथे इंजिन एकदोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये. पट्टा फिरताना बर्फ उडवतो, तो वरच्या नळ्यांवर पडतो, त्यानेच इंजिन थंड राहतं. दिवा लागला तर ताबडतोब बंद करावं, नाहीतर पिस्टन वितळून सिलिंडरला चिकटेल.

तर गाडीला काहीच झालेलं नव्हतं. दहा जानेवारीला काका म्हणाले झालं, कर बंद, तेव्हा काम खरंच झालेलं होतं.

काका भाजीची पिशवी घेऊन आले, तसेच गॅरेजमध्ये. झालं का रे? मी म्हणालो, काका, टेस्टिंग कम्प्लीट. हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. काकांनी मला मिठी मारली. त्यांच्या स्वेटरला कोथिंबिरीचा वास होता. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज सांगणार होतो. गेलो तर काका जुनं जाड जॅकेट घालून आरशासमोर उभे. काकू हसत होत्या की चेन पोटावर लागत नाही. अशा वेळी कसं सांगणार? उद्या.

सोमवार, ९ फेब्रुवारी

ऑफिस. ट्रेनमध्ये मनातल्या मनात पाठ केलं. संध्याकाळी उशीर झाला. उद्या नक्की.

मंगळवार, १० फेब्रुवारी

काकूंनी प्रवासासाठी बेसनाचे लाडू करून पाठवले. माझ्यासाठी वेगळा डबा, वर माझं नाव. दोन खाल्ले. तिसरा गेला नाही.

आसावरीला कळलंय. उर्वीने सांगितलं असणार. आसावरी म्हणाली, तू आत्ता जाऊन सांग, ते रागावणारे नाहीत. तेच तर आहे. रागावणारे असते तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

विचारांती ठरवलं की आता सांगण्यात अर्थ नाही. तिथे चांगले मेकॅनिक असतील, पाच मिनिटांत दुरुस्त करतील. नाहीतरी गावात रेस्क्यू टीमची नवी स्नोमोबाइल आहे, काकांनीच सांगितलं. फेरी तिच्यावरून होईल. काकांची फेरी चुकत नाही, मग बिघडलं कुठे? उगाच म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस आधीपासून त्रास. मी गप्प आहे तो त्यांच्यासाठीच.

हे लिहून परत वाचलं. मला स्वतःलासुद्धा पटलं नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

भाड्याच्या व्हॅनमध्ये मागे गाडी, पुढे काका आणि मी. काकू थंडीमुळे घरी. काका वाटेत जुन्या पेशंटांच्या गोष्टी सांगत होते. कुणाचं बाळंतपण, कुणाचा मोडलेला पाय, वादळात रात्रभर एका धनगराच्या घरी मुक्काम. स्कॉटलंडमधलं पर्थ गेल्यावर बर्फ दिसायला लागला तसे ते सीटवर पुढे सरकून बसले. म्हणाले, वरच्या कुरणावरून अख्खं ग्लेन, म्हणजे सगळं खोरं दिसतं, माझ्या दवाखान्याचं धुराडंसुद्धा. वीस वर्षांत कुठल्या फेरीला वर थांबून धड बघितलं नाही, नेहमी कुणाचं तरी दुखत असायचं.

चार वेळा तोंड उघडलं. दोनदा हायवेवरच्या सर्व्हिसेस आल्या, चहाला थांबलो, एकदा त्यांना झोप लागली. चौथ्या वेळी काही कारण नव्हतं.

शनिवार, १४ फेब्रुवारी. संध्याकाळी ६

जसं झालं तसं लिहितो.

गावचा हॉल. चाळीसेक माणसं, सगळी काकांच्या हाताखालून गेलेली. बाहेर वीतभर बर्फ, ऊन. गाडी व्हॅनमधून उतरवून आत आणली, टाळ्या झाल्या. मोरॅग नावाची मेकॅनिक आहे, पस्तिशीची. तिने दोरी ओढून बघितली, हलली नाही. मग सगळ्यांच्या देखत झाकण उघडलं, प्लग काढला, आत टॉर्च मारला. उठली तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाली, इंजिन जाम झालंय, पिस्टन वितळलाय. बर्फ नसताना कुणीतरी खूप वेळ चालवलीय. आणि दिव्याचा बल्बही काढून टाकलाय. असं कोण करेल?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. त्यांना सगळं कळलं.

मग ते इंग्रजीत म्हणाले, "मीच चालवली. आवाज ऐकावासा वाटला. बर्फाचं लक्षातच राहिलं नाही."

मोरॅगने विचारलं, आणि बल्ब? काका म्हणाले, तोही मीच काढला असेन.

यानंतर सगळे त्यांच्याशी फार हळुवार बोलायला लागले. वीस हिवाळे ज्याने ही गाडी चालवली तो माणूस तिला बर्फ लागतो हेच विसरतो, म्हणजे काय झालं असणार, असे चेहरे. नवी स्नोमोबाइल बाहेर तयार होती. मी तिच्याकडेच बघत होतो. पण म्युझियमच्या सेक्रेटरी मिसेस रॉस काकांपाशी वाकल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या की डॉक्टर, तुम्ही आतच थांबलेलं बरं, इथे ऊब आहे, मुलं वर जाऊन तुम्हाला व्हिडिओ काढून आणतील. काका म्हणाले मी ठीक आहे. त्या म्हणाल्या, हो, हो, ठीकच आहात. त्यांना खिडकीजवळ खुर्ची दिली, पायांवर ब्लँकेट, हातात चहा.

नवी गाडी वर गेली. काका ती ठिपका होऊन दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. नंतरही बघत होते. त्यांच्या जॅकेटची चेन उघडीच होती.

मी चहाच्या टेबलापाशी होतो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की हे मी केलं. इंग्रजीतसुद्धा तीनच शब्द होतात. आधी वाटलं, काकांनीच सांगितल्यावर आपण त्यांना खोटं कसं पाडायचं. मग वाटलं, गाडी वरून आली की सांगू. मग कुणीतरी शॉर्टब्रेडचं बिस्किट पुढे केलं आणि मी घेतलं. बावळटासारखं चावत उभा राहिलो. लाज वाटते.

हॉलमधून बाहेर पडताना विचारलं, काका, तुम्ही का असं सांगितलंत? म्हणाले, "चारचौघांत आपल्या माणसाला उघडं पाडायचं नसतं." आणि विचारलं, तू काही खाल्लंस का.

रविवार, १५ फेब्रुवारी. सकाळी साडेआठ

काका उठायच्या आत मोरॅगच्या गॅरेजमध्ये गेलो. सगळं सांगितलं. सतरा टेस्ट, बल्ब, मॅन्युअल. काका चार वेळा सांगत होते आणि मी त्यांना आत नेऊन बसवत होतो, हेही. ती हात पुसत ऐकत होती. चिडली असेल, पण दिसू दिलं नाही. म्हणाली, मग डॉक्टरांना काही झालेलं नाही? म्हटलं, काही नाही, विसरले वगैरे काही नाहीत. ती लगेच किल्ली घेऊन उठली. म्हणाली, आणा त्यांना, मी स्वतः वर घेऊन जाते, आत्ताच.

आम्ही दाराशी आलो. मध्यरात्रीपासून गरम वारा आणि पाऊस लागलेला. मला अंथरुणात आवाज येत होता, पण मी वाक्यं जुळवत होतो, लक्ष गेलं नाही. गल्लीतून पाण्याचे लोट वाहत होते. डोंगर वरच्या कुरणापर्यंत तपकिरी हिरवा झालेला. कुंपणाच्या कडेला तेवढा घाण बर्फ उरला होता.

मोरॅगने किल्ली परत खिळ्याला लावली. म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात या. मी काकांच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, निदान मिसेस रॉसना आणि बाकीच्यांना खरं काय ते मी सांगते, डॉक्टरांबद्दल गावात भलतंच नको. मी थँक यू म्हटलं.

त्याच दिवशी, दुपारी. सर्व्हिसेसमध्ये, काका टॉयलेटला गेलेत

व्हॅन रिकामी, मागे खडखड वाजते. गाव मागे पडल्यावर काकांनी विचारलं, सकाळी कुठे गेला होतास? मी सांगितलं. मोरॅगला सांगितलं की मी केलं, आता सगळ्यांना कळेल. काकांनी बाहीने काच पुसली. डोंगराकडे बघितलं.

मग म्हणाले, "बर्फ होता तेव्हा सांगायचं होतंस रे."

मी हो म्हटलं. घर अजून नऊ तास लांब होतं.